रेल्वेच्या क्रीडा कोट्यातून बास्केटबॉलची भरती: जाहिरात ते जॉइनिंग, माझे नऊ महिने

गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला जाहिरात पाहिली आणि यंदा ७ जुलैला रुजू झाले. मधल्या काळात मी किती जणांना फोन करून तेच ते प्रश्न विचारले असतील, याची मोजदाद नाही. प्रत्येकाने जमेल तेवढं सांगितलं, पण सगळं तुकड्यातुकड्यांत. एकीला फॉर्मचं माहीत, दुसरीला ट्रायलचं, मेडिकलचं कुणालाच धड नाही. म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, कुठलीही मुलगी बास्केटबॉल खेळत असेल आणि 'पुढे काय' हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नसेल, तर तिने हे वाचावं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी. नान्ना यंत्रमागावर टॉवेल विणतात, अम्मा विड्या वळते. सहावीत उंची पाहून शाळेच्या सरांनी कोर्टावर उभं केलं. कोर्ट सिमेंटचं, एक रिंग किंचित पुढे झुकलेली, जाळी कधी असायची, कधी नसायची. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा संध्याकाळी सहालासुद्धा सिमेंटची धग बुटाच्या तळातून वर येते. तिथेच शाळा, मग कॉलेज, मग विद्यापीठाचा संघ, मग महाराष्ट्राचा संघ, असं करत मी तेरा वर्षं खेळले.

लोक विचारतात, 'एनबीएमध्ये जाणार का?' एनबीए म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक लीग. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला तिथल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, ती बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. पण आपल्याकडे बास्केटबॉल खेळून पोट भरणं म्हणजे बहुतेक वेळा नोकरी: रेल्वे, पोलीस, सेनादल, एखादी बँक किंवा सरकारी कंपनी. यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली, तीही पुरुषांचीच होती. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेचा दबदबा आहे, कारण देशातल्या चांगल्या मुली तिथे नोकरीला लागतात. केरळची गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेत होती. ती ऑस्ट्रेलियात जाऊन खेळली, आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगच्या, संघांनी तिला चाचणीला बोलावलं होतं. कॉलेजात असताना सरांनी मला तिच्याबद्दल सांगितलं तेव्हा मला बास्केटबॉलपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं ते तिच्या नोकरीचं. खेळायचं आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा, हे शक्य आहे असं घरी सांगायला माझ्याकडे तेव्हा पहिलं उदाहरण आलं.

मी एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक होते, महिना ९,००० रुपये. ३ ऑक्टोबरच्या दुपारी एका जुन्या सहकारी खेळाडूने रेल्वेच्या एका झोनची जाहिरात पाठवली. महिला बास्केटबॉलच्या दोन जागा: एक गार्ड (चेंडू पुढे नेऊन पास देणारी), एक सेंटर (रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू). मी गार्ड. म्हणजे माझ्यासाठी जागा एकच.

जाहिरात सतरा पानांची होती. आधी मी फक्त जागा आणि शेवटची तारीख पाहिली. ही चूक करू नका. रात्री सरांनी घरी बोलावून पेन्सिलने खुणा करत सगळी वाचायला लावली. वय १८ ते २५, आणि त्यात सवलत कुणालाच नाही. माझं पंचविसावं फेब्रुवारीत पूर्ण होणार होतं आणि वय १ जानेवारीला मोजायचं होतं. म्हणजे ही पहिली संधी तीच शेवटची. शिक्षण लेव्हल दोन-तीनच्या, म्हणजे त्या वेतनस्तराच्या, पदांना बारावी. खेळातली कामगिरी चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतली हवी. माझं शाळेतलं पदक, ज्युनिअर गटातली राष्ट्रीय स्पर्धा, हे सगळं त्या हिशेबात बाहेर पडलं. कामाचं उरलं एकच प्रमाणपत्र: वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळल्याचं, आणि त्यात आमचा संघ पहिल्या आठात आल्याचं.

गुण कसे देतात तेही तिथेच कळलं. एकूण शंभर. खेळातल्या कामगिरीला ५०, ट्रायलला ४०, शिक्षणाला १०. ट्रायलमध्ये ४० पैकी २५ मिळाले तरच पुढे विचार, आणि माझ्या पदासाठी एकूण किमान ६५. सरांनी वहीत आकडे मांडले आणि म्हणाले, "कागदात कमी पडलीस तर कोर्टावर कितीही उड्या मारल्यास तरी भरून निघणार नाही." त्या रात्री मी पहिल्यांदा माझी प्रमाणपत्रं नीट वाचली.

ती अम्माच्या लोखंडी पेटीत होती, विडीच्या पानांच्या वासासकट. आणि त्या एका महत्त्वाच्या प्रमाणपत्रात दोन घोळ निघाले. माझ्या आडनावातला एक 'एच' गायब होता. दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे, आधारवर आहे, यावर नाही. दुसरं म्हणजे त्यावर 'सहभागी' एवढंच लिहिलेलं, क्रमांकाची जागा कोरी. प्रमाणपत्र हातात मिळालं तेव्हा आम्ही परतीच्या गाडीच्या गडबडीत होतो. बाकीच्या मुलींनी वाचलं होतं का, माहीत नाही. मी वाचलं नव्हतं.

आडनावासाठी नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं, मुद्रांक धरून ८०० रुपये आणि एक दुपार. क्रमांकाचं काम अवघड होतं. बास्केटबॉल संघटनेला अर्ज, सोबत प्रमाणपत्राची प्रत, संघाच्या यादीची प्रत, आधार. पहिला अर्ज ईमेलने केला, आठ दिवस उत्तर नाही. मग पोस्टाने रजिस्टर केला. तरी नाही. शेवटी आमच्या राज्य संघाच्या प्रशिक्षकांना फोन केला. त्यांनी स्वतः पाठपुरावा केला आणि अठराव्या दिवशी स्पर्धेतला क्रमांक नमूद केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र आलं. ते अठरा दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. सराव करायचे, पण शॉट मारताना डोक्यात तो 'एच' असायचा.

२९ ऑक्टोबरला फॉर्म भरला, मुदत संपायला तीन दिवस उरले असताना. महिलांना शुल्क २५० रुपये आणि ट्रायलला हजर राहिलं की ते परत मिळतं. परत मिळण्यासाठी बँक खात्याचा तपशील अचूक भरावा लागतो. फोटो आणि सही ठरावीक केबीत लागते. ते झेरॉक्सच्या दुकानात घाईने करून घेऊ नका, घरी शांतपणे करा. माझी सही पहिल्यांदा इतकी बारीक झाली होती की वाचताच येत नव्हती. आणि फॉर्ममध्ये स्वतःचा मोबाइल नंबर द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको.

मग वाट पाहणं. दिवाळी गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या सहकारी मैत्रिणीने विचारलं, "तुला मेल आला ना?" मला आला नव्हता. घाबरून शोधलं तर तो स्पॅममध्ये पाच दिवस पडून होता. ट्रायल १९ डिसेंबरला. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ स्पॅम बघायची सवय लागली. तिकीट काढलं, शाळेत रजा टाकली, आणि १४ तारखेला दुसरा मेल: ट्रायल पुढे ढकलली, आता २१ आणि २२ जानेवारी. तिकीट रद्द, रजा वाया. राग आला होता, पण नंतर वाटलं, बरंच झालं. कारण त्या महिन्याभरात एक मोठी उणीव भरून काढता आली.

ती उणीव लाकडी कोर्टाची. ट्रायल इनडोअर, लाकडी फरशीवर होणार होती. माझी तेरा वर्षं सिमेंटवर. राज्य संघाच्या शिबिरात लाकडावर खेळले होते, पण दोन-तीन आठवडेच. सिमेंटवर आपण नकळत जपून उतरतो, पूर्ण वाकून थांबत नाही, कारण गुडघ्याला लागतं. लाकडावर बूट पकडतो, थांबता येतं, पण थांबायची सवयच नसेल तर पाऊल जास्त पडतं आणि ट्रॅव्हलिंग होतं, म्हणजे चेंडू न टप्पावता जास्त पावलं टाकल्याची चूक. चेंडूचंही तसंच. आमचा रबरी चेंडू सिमेंटवर उसळतो तो वेगळा, मोल्टनचा चामड्यासारखा चेंडू लाकडावर येतो तो वेगळा. सरांनी ओळखीने एका इनडोअर हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस सकाळी पाच ते साडेसहा वेळ मिळवून दिली. तासाला ३०० रुपये. आम्ही चौघी वाटून द्यायचो. नवा चेंडू घेतला नाही, कॉलेजातून मागून आणला. बूट मात्र घेतले, ५,२०० रुपयांचे, आणि ट्रायलच्या आधी तीन आठवडे घालून मऊ केले. अगदी आदल्या दिवशी नवे बूट घालणारी एक मुलगी मी ट्रायलला पाहिली. दुपारी तिच्या टाचेला पट्टी होती.

जानेवारीत सोलापूरभर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे, धूळ, रात्री उशिरापर्यंत भोंगे. माझ्या आठवणीत एकही वर्ष असं नाही की मी गड्डा चुकवला. यंदा अक्षता सोहळ्याच्या दिवशीसुद्धा संध्याकाळी कोर्टावर होते. रखवालदार मामा दिवा बंद करायला आले आणि म्हणाले, "काय करलालीस गं एकटी? गड्ड्याला जायचं नाही का?" मी म्हटलं, पन्नास फ्री थ्रो राहिलेत, म्हणजे ठरावीक रेषेवरून कुणी न अडवता मारायचे शॉट. ते कट्ट्यावर बसले आणि मोजत राहिले. दिवा बंद केला नाही.

१९ तारखेच्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले. एक दिवस आधी पोचायचंच, असं ठरवलं होतं. रात्रभर प्रवास करून थेट कोर्टावर उतरू नये. मावसबहिणीकडे कल्याणला राहिले. अम्माने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. बाहेरचं काही खाऊन पोट बिघडायला नको म्हणून दोन दिवस मुख्यतः तेच खाल्लं.

२१ ला सकाळी आठला हजेरी. आधी कागद. मूळ प्रमाणपत्रं, दोन संच स्वयंसाक्षांकित प्रती, फोटो, आधार, कॉल लेटर. माझी फाइल क्रमाने लावलेली होती आणि वर एक पान होतं, कुठलं प्रमाणपत्र कितव्या क्रमांकावर आहे ते सांगणारं. ही सरांची सूचना. तपासणाऱ्या बाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं, क्रमांकाचं पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता शिक्का मारला. माझ्या पुढच्या मुलीचं प्रमाणपत्र मान्यता नसलेल्या स्पर्धेचं निघालं. ती कोर्टावर न जाताच परत गेली. ती रडत नव्हती, फोनवर कुणाला तरी शांतपणे सांगत होती. ते मला अजून आठवतं.

गार्डच्या जागेसाठी अकरा जणी. दोघींच्या अंगावर भारताचा ट्रॅकसूट. एक मुलगी भिलाईची, तिचा डावा हात माझ्या उजव्या हातापेक्षा चांगला होता. मी बाकावर बसून बूट बांधत होते आणि मला खरंच वाटलं की उठून परत जावं. पूर्व भागात परत, शाळेत परत, नऊ हजारांवर परत. मग नाव पुकारलं गेलं.

पहिल्या दिवशी उंची, वजन, धावणं, चपळाईच्या चाचण्या. मग दोन्ही हातांनी ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट), घड्याळ लावून. मग ड्रिबल, पास, ठरावीक जागांवरून शॉट, ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून दहा. दहापैकी चार पडले. बऱ्याच जणींचे जास्त पडले. फ्री थ्रो दहापैकी नऊ. नववा हातातून सुटला तेव्हा रखवालदार मामांचा मोजण्याचा आवाज कानात होता. एकच चुकला तो शेवटचा.

दुसऱ्या दिवशी पूर्ण कोर्टवर सामने, अठ्ठावीस बाय पंधराचं कोर्ट, पाच विरुद्ध पाच. अनोळखी मुलींबरोबर संघ. इथे एक गोष्ट सांगायची आहे. अशा सामन्यात प्रत्येकीला स्वतःचे बास्केट दाखवायचे असतात, चेंडू कुणी सोडत नाही. मी गार्ड, माझं काम चेंडू पोचवणं. पहिली पाच मिनिटं मीही हावरटपणा केला आणि दोन शॉट वाया घालवले. मग सेंटरला खेळणारी तमिळनाडूची उंच मुलगी आत हात वर करून उभी दिसली आणि मी तिला पास दिला. पुन्हा दिला. तिला मराठी येत नव्हतं, मला तमिळ नाही, तेलुगूत आमचं थोडं जमलं. पुढचा अर्धा तास आमचा संघ संघासारखा खेळला. निवड समितीतले एक जण वहीत काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते, ते कधीच कळणार नाही.

ट्रायल संपल्यावर कुणीही काही सांगत नाही. 'धन्यवाद, निकाल संकेतस्थळावर येईल.' बस. शुल्काचे २५० रुपये महिन्याभराने खात्यात जमा झाले. बँकेचा मेसेज पाहून अम्माला वाटलं निकाल लागला.

फेब्रुवारीत मी पंचवीस पूर्ण केली. त्या महिन्यात घरात लग्नाचा विषय तीनदा निघाला. नान्ना बाजू घ्यायचे नाहीत आणि विरोधातही बोलायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "रेल्वेचं कळू दे." ११ मार्चला दुपारी शाळेत पाचवीच्या मुलींना लंगडी शिकवत होते, तेव्हा मैत्रिणीचा फोन आला. यादीत दोन रोल नंबर. एक माझा. मी मुलींना सांगितलं, खेळत राहा, आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन नान्नांना फोन लावला. मागांच्या आवाजात त्यांना काही ऐकू येईना. मी तीनदा ओरडले. मग पलीकडे माग बंद झाल्याचं ऐकू आलं, आधी त्यांचा, मग शेजारचा.

निवड झाली म्हणजे नोकरी लागली, असं समजून राजीनामा देऊ नका. मला घाई झाली होती, सरांनी थांबवलं. त्यानंतरही चार महिने गेले. एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा कागदपत्रांची तपासणी. मग रेल्वेच्या रुग्णालयात मेडिकल, तीन दिवस: डोळे, रंग ओळखणं, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, सांधे. मला भीती गुडघ्याची होती, कारण दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा सुजला होता. डॉक्टरांनी वाकवून पाहिला, उठाबशा काढायला लावल्या, आणि पुढे पाठवलं. जुने रिपोर्ट असतील तर सोबत ठेवा आणि विचारलं तर खरं सांगा. चष्मा असेल तर नंबरचा कागदही न्या. या तीन दिवसांत रांगा फार असतात, डबा आणि पुस्तक हवंच.

सगळ्यात लांब काळ खेळाच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा होता. रेल्वे ती संबंधित महासंघाकडे पाठवून खरी आहेत का ते विचारते, आणि उत्तर आल्याशिवाय नेमणूक होत नाही. एप्रिल, मे, अर्धा जून. या काळात चारित्र्य पडताळणीचा फॉर्मही भरावा लागला. मी दर दहा दिवसांनी फोन करायचे. पलीकडचे गृहस्थ कधी चिडले नाहीत, "प्रक्रियेत आहे, मॅडम" एवढंच म्हणायचे. सराव सोडला नाही, हे मात्र मी स्वतःला सांगून सांगून केलं. दोन आठवडे मन लागेना तेव्हा लहान मुलींना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी तरी कोर्टावर जावं लागायचं.

२६ जूनला नेमणुकीचं पत्र आलं. लेव्हल दोन, मूळ वेतन १९,९००, त्यावर भत्ते. परिवीक्षा दोन वर्षं. शाळेला महिन्याची नोटीस द्यायला वेळ नव्हता. मुख्याध्यापक बाईंनी समजून घेतलं.

एकूण खर्च मांडला तर प्रवास, हॉल, बूट, नोटरी, प्रती, पोस्ट धरून १४,६०० रुपये झाले. त्यातले पाच हजार अम्माने भिशीतून दिले. ते पहिल्या पगारातून परत केले. घ्यायला तयार नव्हती.

आता सकाळी सराव, मग कार्यालय, संध्याकाळी पुन्हा सराव. पहिल्या आठवड्यात कुठल्या टेबलावर काय चालतं तेही कळत नव्हतं. शेजारच्या काकूंनी आवक-जावक रजिस्टर शिकवलं. टायपिंग शिकते आहे. संघातल्या सीनियर मुलींबरोबर खेळताना पहिल्या दिवशी सात वेळा चेंडू गेला, काल दोनदा.

गेल्या रविवारी सोलापूरला गेले होते. कोर्टावर मुली 'अक्का, अक्का' करत जमल्या. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की येताना प्रमाणपत्रं घेऊन या. कट्ट्यावर बसून एकेक वाचलं. चौघींची ठीक होती. पाचव्या मुलीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारखेचा महिना चुकलाय आणि क्रमांकाची जागा कोरी आहे. ती अजून सोळाची आहे. अर्जाचा नमुना तिथेच वहीच्या पानावर लिहून दिला. तिचे वडील सोमवारी तो टाइप करून रजिस्टर पोस्टाने पाठवणार आहेत.